टीव्हीवर ‘नो सिग्नल’ आला तर: एचडीएमआय जोडणीतला बिघाड कसा शोधायचा

नवी स्ट्रीमिंग स्टिक (इंटरनेटवरचे चित्रपट टीव्हीवर दाखवणारी छोटी कांडी) आणली, टीव्हीच्या मागे खोचली, रिमोटमध्ये सेल घातले आणि पडद्यावर काय, तर ‘नो सिग्नल’. किंवा कालपर्यंत सगळं ठीक होतं, आज मेनू दिसतो पण चित्रपट लावला की पडदा काळा. अशा वेळी बहुतेक जण लगेच नवी केबल मागवतात, नाहीतर स्टिक खराब निघाली म्हणून परत पाठवून देतात. जरा थांबा. एचडीएमआयच्या, म्हणजे उपकरणातून टीव्हीत चित्र आणि आवाज नेणाऱ्या जोडणीच्या, तक्रारीत दर वेळी काही तरी मोडलेलंच असतं असं नाही. टीव्ही धड, स्टिक धड, केबलही धड, आणि तरी चित्र नाही, असं सर्रास होतं. गाडी नेमकी कुठे अडली आहे, हे लक्षणं नीट पाहिली तर बरंचसं घरबसल्या कळतं.

एक पथ्य मात्र पहिल्यापासून पाळा: एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, पोर्ट आणि सेटिंग असं तिन्ही एकदम बदललं आणि चित्र आलं, तर त्या दिवसापुरतं काम भागेल. दोष कशात होता ते मात्र कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आधी डोळ्यांनी पाहण्यासारख्या गोष्टी

टीव्हीच्या मागे किंवा कडेला एचडीएमआयची दोन, तीन किंवा चार पोर्ट असतात आणि प्रत्येकाशेजारी आकडा छापलेला असतो. स्टिक ज्या आकड्यात खोचली आहे तोच आकडा रिमोटवरच्या ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ बटणातून निवडलेला आहे ना, हे पाहा. हसण्यावारी नेऊ नका. टीव्ही भिंतीवर असेल तर मागचे आकडे दिसत नाहीत आणि अंदाजाने खोचलेली स्टिक हमखास भलत्याच पोर्टात निघते. काही टीव्ही वापरात नसलेलं इनपुट यादीतून लपवतात, काहींमध्ये घरातल्याच कोणी तरी इनपुटचं नाव बदलून ठेवलेलं असतं. शंका आली तर यादीतलं एकेक इनपुट निवडून प्रत्येकावर दहा-पंधरा सेकंद थांबा. चित्र यायला तेवढा वेळ लागू शकतो.

मग जोड पाहा. एचडीएमआयच्या प्लगला स्क्रू नसतो, खटकाही नसतो. तो नुसत्या घर्षणावर टिकून राहतो. जड किंवा ताठ केबल खाली लोंबत असेल, किंवा टीव्ही भिंतीला इतका चिकटवलेला असेल की स्टिक तिरकी दाबली जाते, तर प्लग अर्धा-एक मिलिमीटर बाहेर येतो. बाहेरून बघताना तो बसलेलाच वाटतो. प्लग पूर्ण काढा, पोर्टात टॉर्च मारा. आत एक पातळ पट्टी दिसेल. तिच्या दोन्ही अंगांना मिळून १९ संपर्क असतात. पट्टी सरळ आहे का, कुठे धुळीचा गोळा किंवा काळपटपणा आहे का, ते बघा. धूळ असेल तर टीव्ही बंद करून, प्लग काढून, हवेच्या फवाऱ्याने उडवा. सुई किंवा टाचणी आत घालू नका. मग प्लग सरळ धरून, शेवटपर्यंत गेल्याचं हाताला जाणवेपर्यंत आत दाबा.

स्टिकबरोबर खोक्यात अनेकदा बोटाएवढी एक छोटी एचडीएमआय तार येते. ती बरेच जण खोक्यातच ठेवून देतात, ते चूक आहे. त्या तारेने स्टिकचा भार पोर्टावर येत नाही, शेजारच्या पोर्टाला अडथळा होत नाही आणि स्टिक टीव्हीच्या धातूच्या पाठीपासून थोडी दूर गेल्याने वाय-फायही सुधारू शकतं. गरमही कमी होते.

विजेचा प्रश्न, जो कोणी विचारत नाही

नवख्या माणसाचा एक समज असतो की स्टिक एचडीएमआयमध्ये खोचली की तिला टीव्हीतून वीज मिळते. तसं होत नाही. एचडीएमआयमध्ये ५ व्होल्टची एक पिन असते खरी, पण तिच्यातली वीज स्टिककडून टीव्हीकडे जाते आणि तीही नाममात्र, टीव्हीला ‘मी जोडले गेले आहे’ एवढं कळण्यापुरती. स्टिकला स्वतःची वीज वेगळी लागते.

ती बऱ्याच घरांत टीव्हीच्या यूएसबी पोर्टातून दिली जाते. दिसायला नीटनेटकं, भिंतीवर वेगळा अडॅप्टर नको. पण यूएसबी २.० च्या पोर्टातून नियमानुसार ०.५ अँपिअर एवढाच प्रवाह मिळतो, ३.० च्या पोर्टातून ०.९. स्टिकबरोबर येणारा अडॅप्टर साधारण ५ व्होल्ट, १ अँपिअरचा असतो. काही साध्या स्टिक टीव्हीच्या यूएसबीवर वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतात, हे खरं. पण ४के, म्हणजे खूप बारीक तपशिलाचं चित्र, चालवणारी स्टिक चित्रपट सुरू करताना किंवा अपडेट घेताना जास्त वीज ओढते आणि नेमकी तेव्हाच कोलमडते. लक्षणं अशी: कंपनीचं चिन्ह दिसतं, नाहीसं होतं, पुन्हा दिसतं. मेनू व्यवस्थित चालतो, पण व्हिडिओ लावला की स्टिक पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. रिमोटचा संपर्क मधेच तुटतो.

दुसरी गोम अशी की टीव्ही बंद केला की बऱ्याच टीव्हींचं यूएसबीही बंद होतं. म्हणजे दर वेळी टीव्ही लावला की स्टिक शून्यापासून सुरू होणार आणि ती उठेपर्यंत पडद्यावर ‘नो सिग्नल’ राहणार. हा बिघाडच नाही, पण लोक त्यावर दोन केबली बदलून बसलेले असतात. म्हणून केबलला हात लावण्याआधी स्टिक तिच्याच अडॅप्टरवर, तिच्याच वायरने, सरळ भिंतीवरच्या सॉकेटात लावा. मोबाइलची कुठली तरी पातळ, जुनी वायर वापरू नका. लांब आणि बारीक वायरीत व्होल्टेज पडतं.

सगळं बंद करून क्रमाने चालू करा

इथे एचडीएमआय आतून कसं चालतं ते थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. चित्र जाण्याआधी टीव्ही आणि स्टिक यांची आपसांत बोलणी होतात. स्टिक ५ व्होल्टची खूण पाठवते. टीव्ही ‘हॉट प्लग’ नावाच्या पिनवरून ‘मी आहे’ असं कळवतो. मग स्टिक टीव्हीकडची माहिती वाचते: कोणकोणती रेझोल्यूशन (चित्रातल्या ठिपक्यांची संख्या) चालतात, एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणारं चित्र) आहे का, आवाजाचे कोणते प्रकार समजतात. या माहितीला ईडीआयडी म्हणतात. त्यानंतर, जे दाखवायचं ते कॉपी-संरक्षित असेल तर, एचडीसीपी नावाची तपासणी होते. पलीकडचा टीव्ही खरोखर टीव्हीच आहे, नक्कल उतरवणारं यंत्र नाही, अशी खात्री दोघं करून घेतात. यातली कुठलीही पायरी चुकली की चित्र अडतं, किंवा येतं पण अर्धवट.

ही बोलणी अधेमधे अडकतात आणि अडकलेल्या अवस्थेतच राहतात. रिमोटने टीव्ही बंद-चालू करून उपयोग होत नाही, कारण रिमोटने बंद केलेला टीव्ही स्टँडबायवर असतो, पूर्ण बंद नसतो. म्हणून असं करा:

१. टीव्हीचा प्लग भिंतीतून काढा. स्टिकचाही काढा. मध्ये साउंडबार किंवा दुसरं काही असेल तर त्याचाही.
२. एचडीएमआयचं टोक पोर्टातून काढून ठेवा.
३. मिनिटभर थांबा. टीव्हीवरचं चालू-बंदचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरलं तर आत साठून राहिलेली वीज लवकर उतरते.
४. एचडीएमआय पुन्हा खोचा. आधी फक्त टीव्ही चालू करा आणि योग्य इनपुट निवडा.
५. टीव्ही पूर्ण जागा झाला की मगच स्टिकला वीज द्या.

क्रमाला कारण आहे. स्टिक आधी उठली आणि टीव्ही अजून उत्तर द्यायच्या तयारीत नसला, तर काही स्टिक सुरक्षित म्हणून कमी रेझोल्यूशन धरतात, काही नुसत्या गप्प बसतात. माझा तरी अनुभव असा की ‘काल चालत होतं, आज अचानक बंद’ या जातीच्या तक्रारींचा मोठा हिस्सा इथेच मिटतो.

दोषी कोण: अदलाबदल

वरचं करूनही चित्र नसेल तर आता शोधाशोध. स्टिक तीच, केबल तीच, फक्त पोर्ट बदला. चित्र आलं तर पहिलं पोर्ट किंवा त्याचं सेटिंग संशयित. नाही आलं तर केबल बदला. जी केबल दुसऱ्या कुठल्या तरी उपकरणावर आत्ता चालू आहे तीच घ्या, कपाटातली अज्ञात केबल नको. तरी नाही, तर त्याच पोर्टात, त्याच केबलने दुसरं काही तरी लावा, लॅपटॉप किंवा सेट टॉप बॉक्स. तो दिसला तर टीव्ही आणि केबल दोन्ही सुटले आणि संशय स्टिकवर. शेवटी स्टिक दुसऱ्या टीव्हीला लावून बघा. दुसऱ्या टीव्हीवर ती छान चालली तरी ती निर्दोष ठरली असं लगेच समजू नका. दुसरा टीव्ही साधा १०८०पी (४केपेक्षा कमी ठिपक्यांचा) असेल आणि पहिला ४के, तर दोन्हीकडे स्टिक वेगवेगळं काम करत असते.

मधली उपकरणं या वेळी बाजूला ठेवा. स्प्लिटर, स्विच, साउंडबार, भिंतीतून गेलेली लांब तार, सगळं काढा आणि स्टिक थेट टीव्हीत. थेट चाललं तर एकेक मधला दुवा परत जोडत जा. ज्याने बिघडेल तो दोषी.

मेनू दिसतो, चित्रपट काळा

हे लक्षण मला सगळ्यात आवडतं, कारण ते जवळपास स्वतःच उत्तर देतं. मेनू व्यवस्थित दिसतो म्हणजे केबल जोडलेली आहे, पोर्ट चालतं, रेझोल्यूशनही जुळलं आहे. घरच्या मेनूला कॉपी-संरक्षण नसतं, चित्रपटाला असतं. तेव्हा अडलं ते बहुधा एचडीसीपीवर. काही उपकरणं तसा संदेश स्पष्ट दाखवतात, काही नुसता काळा पडदा देऊन आवाज चालू ठेवतात, काही ४के चित्रपट मुकाट्याने १०८०पी किंवा त्याहून खाली उतरवतात.

४के मजकुरासाठी साधारणपणे एचडीसीपी २.२ लागतं आणि ते साखळीतल्या प्रत्येक दुव्याला असावं लागतं. टीव्ही नवा, स्टिक नवी, पण मध्ये जुना एव्ही रिसीव्हर (होम थिएटरचा अ‍ॅम्प्लिफायर) असेल, तर तोच सगळ्यांना खाली ओढतो. सुरुवातीच्या काही ४के टीव्हींमध्ये तर एखाद-दुसऱ्याच पोर्टाला ही सोय होती. पोर्टाशेजारी बारीक अक्षरांत ‘एचडीसीपी २.२’ छापलेलं असतं. तेच पोर्ट निवडा. एचडीएमआयवरून जुन्या व्हीजीए मॉनिटरवर नेणारा कन्व्हर्टर लावला असेल तर संरक्षित चित्रपट चालण्याची आशा धरू नका, कारण व्हीजीएमध्ये एचडीसीपीची सोयच नाही. जुन्या डीव्हीआय मॉनिटरांनाही तोच धोका, वर आवाजाची बोंब.

लुकलुक आणि ठिणग्या

दर थोड्या वेळाने पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो. किंवा अंधाऱ्या दृश्यात पांढरे, रंगीत ठिपके चमकून जातात, जणू चित्रावर ठिणग्या पडतात. अँटेनाच्या काळातल्या मुंग्यांशी याची गल्लत करू नका. मुंग्या सिग्नल कमजोर होईल तशा हळूहळू वाढायच्या. डिजिटल चित्र तसं हळूहळू खराब होत नाही. केबल पुरेशी असेल तोवर चित्र निर्दोष असतं, ती मर्यादेला पोचली की चुकीचे बिट ठिणग्या होऊन दिसतात आणि त्यापुढे चित्र थेट तुटतं.

इथे आकडे समजून घेतले तर तपासणी सोपी होते. १०८०पी चित्राला सेकंदाला ६० फ्रेमच्या वेगाने सुमारे ४.५ गिगाबिट प्रति सेकंद एवढा प्रवाह लागतो. तेच चित्र ४के झालं, वेग ६० फ्रेमचाच राहिला, तर जवळपास १७.८. एचडीएमआय २.० ची कमाल १८ आहे. म्हणजे भांडं काठोकाठ भरलेलं. १०८०पीला वर्षानुवर्षं निभावून नेणारी केबल ४केला जराही सैल पडली तर सांडतं. म्हणून अशी चाचणी घ्या: स्टिकच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रेझोल्यूशन १०८०पी करा आणि अर्धा तास बघा. लुकलुक गेली तर केबल, जोड किंवा मधला दुवा अपुरा आहे. तरीही राहिली तर पोर्ट, वीज किंवा खुद्द स्टिककडे वळा.

याच गणितातून आणखी एक विचित्र वाटणारी तक्रार सुटते: मेनूत पडदा लुकलुकतो पण चित्रपटात नाही. स्टिकमध्ये फ्रेम रेट जुळवण्याचं सेटिंग चालू असेल, तर चित्रपट २४ फ्रेमवर जातो आणि ४के असूनही प्रवाह निम्म्यावर येतो. मेनू ६० वर असतो, म्हणून त्रास तिथेच. नवी केबल येईपर्यंतचा तात्पुरता उपाय हवा असेल आणि स्टिकमध्ये क्रोमाचं (रंगांची माहिती किती बारकाईने पाठवायची याचं) सेटिंग असेल, तर ते ४:२:० वर ठेवा. त्यानेही भार निम्मा होतो आणि लांबून पाहताना फरक क्वचितच कळतो. फ्रेम रेट जुळवण्याच्या सेटिंगमुळे चित्रपट सुरू होताना आणि संपताना पडदा एकेकदा काळा होतो. तो दोष नाही. टीव्ही नव्या वेगाला जुळवून घेत असतो.

४के टीव्हीवर ४के का दिसत नाही

बऱ्याच टीव्हींमध्ये एचडीएमआय पोर्ट सुरुवातीला जुन्या, कमी वेगाच्या पद्धतीवर ठेवलेलं असतं, जुनी उपकरणं अडू नयेत म्हणून. पूर्ण ४के आणि एचडीआर हवं तर ते पोर्टनिहाय चालू करावं लागतं. सॅमसंगमध्ये याला ‘इनपुट सिग्नल प्लस’ म्हणतात, एलजीत ‘डीप कलर’ असं काहीसं नाव सापडतं, सोनीत ‘एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट’मध्ये जाऊन ‘एन्हान्स्ड’ निवडायचं. ज्या पोर्टात स्टिक आहे त्याच पोर्टाचं सेटिंग बदला.

याची उलट बाजूही लक्षात ठेवा. हे चालू केल्यावर चित्र गेलं किंवा लुकलुकायला लागलं, तर केबल तो भार पेलत नाही असं समजा. आणि एखादं जुनं उपकरण त्या पोर्टावर दिसेनासं झालं, तर त्या पोर्टाचं सेटिंग परत साधं करा.

रेझोल्यूशन बदललं आणि पडदाच गेला

सेटिंगशी खेळताना हे होतंच. घाबरू नका, काही बटण दाबू नका. बहुतेक उपकरणं नवं रेझोल्यूशन लावल्यावर ‘हे ठेवायचं का’ असं विचारतात आणि उत्तर आलं नाही की थोड्या वेळात आपोआप मागे फिरतात. नाहीच फिरलं तर आंधळेपणाने सोडवण्याचीही वाट आहे. फायर टीव्हीच्या रिमोटवर वरचा बाण आणि रिवाइंड ही दोन बटणं एकत्र पाच सेकंद दाबून धरा. उपकरण एकेक रेझोल्यूशन लावून दाखवायला लागतं, चित्र दिसलं की तेच निवडायचं. अ‍ॅपल टीव्हीवर मेनू किंवा बॅक आणि आवाज कमी करण्याचं बटण पाच सेकंद एकत्र दाबून सोडा. तेही एकेक रेझोल्यूशन वीस-वीस सेकंद दाखवत जातं. तुमच्या उपकरणात अशी सोय नसेल तर ते दुसऱ्या टीव्हीला लावा, चित्र येईल, तिथे रेझोल्यूशन ‘ऑटो’ करून परत आणा.

आवाज, रंग, कडा

चित्र आहे, आवाज नाही. स्टिक डॉल्बीसारख्या सराउंड प्रकारात आवाज पाठवते आहे आणि टीव्हीला किंवा मधल्या कन्व्हर्टरला तो प्रकार समजत नाही, ही सगळ्यात जास्त शक्यता. स्टिकच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ किंवा ‘स्टीरिओ’ हा साधा प्रकार निवडा. आवाज आला तर कारण सापडलं. एखाद्याच अ‍ॅपमध्ये आवाज नसेल तरी हेच करून बघा. साउंडबार असेल तर तो टीव्हीच्या ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलेल्या पोर्टात आहे ना ते पाहा. टीव्हीचा आवाज साउंडबारकडे परत पाठवण्याची सोय फक्त त्याच पोर्टाला असते. म्हणून स्टिक तिथे घुसवू नका, दुसरं पोर्ट द्या.

सगळं चित्र गुलाबी किंवा हिरवट दिसत असेल तर आधी प्लग काढून घट्ट बसवा. त्याने नाही गेलं तर रंगांची भाषा जुळलेली नाही: स्टिक एका पद्धतीने रंग पाठवते, टीव्ही दुसऱ्या पद्धतीने वाचतो. स्टिकचं कलर फॉरमॅट ‘ऑटो’ करा आणि ऑटोवर असूनही तसंच असेल तर आरजीबी आणि वायसीबीसीआर या रंग पाठवण्याच्या दोन पद्धतींत अदलाबदल करून बघा. काळा रंग राखाडी, धुरकट दिसतो किंवा सावल्यांतलं काहीच दिसत नाही, ही तक्रार वेगळी. ती आरजीबीच्या पल्ल्याची असते. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे आकडे एकीकडे ० ते २५५ आणि दुसरीकडे १६ ते २३५ असे लागले की हे होतं. टीव्हीतलं ‘ब्लॅक लेव्हल’ किंवा ‘डायनॅमिक रेंज’ ऑटोवर ठेवा.

कडा कापल्या जात असतील, मेनूतली अक्षरं पडद्याबाहेर जात असतील, तर टीव्हीच्या पिक्चर साइझमध्ये ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फुल पिक्सेल’ अशा नावाचं काही असेल ते चालू करा. याला दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नये.

टीव्ही आपोआप चालू होतो, इनपुट आपोआप बदलतं

भुताटकी वगैरे काही नाही, हे सीईसी. एचडीएमआयच्या एका पिनवरून उपकरणं एकमेकांना हुकूम देतात: उठ, झोप, माझ्याकडे वळ. एकाच रिमोटने सगळं चालवता यावं म्हणून ही सोय आहे आणि जुळली तर फारच सुखाची. पण तीन-चार उपकरणं जोडलेली असतील तर एखादं मधेच जागं होऊन टीव्ही स्वतःकडे ओढून घेतं. अडचण अशी की प्रत्येक कंपनीने तिला वेगळं नाव दिलं आहे: सॅमसंगचं अ‍ॅनीनेट प्लस, एलजीचं सिम्पलिंक, सोनीचं ब्राव्हिया सिंक, फिलिप्सचं ईझीलिंक. टीव्हीत ती पूर्ण बंद करण्याऐवजी उपद्रवी उपकरणाच्या सेटिंगमधून बंद केली, तर बाकीची सोय शाबूत राहते. एक मात्र लक्षात असू द्या: टीव्हीत सीईसी बंद केली की काही टीव्हींवर एआरसीचा आवाजही जातो.

केबल घ्यायचीच असेल तर

खोक्यावरचा ‘२.०’ किंवा ‘२.१’ बघून केबल घेऊ नका. ते आकडे उपकरणांच्या आवृत्त्यांचे आहेत; केबली ओळखायच्या त्यांच्या वेगाच्या वर्गावरून. ‘प्रीमियम हाय स्पीड’ म्हणजे १८ गिगाबिटला तपासलेली, ‘अल्ट्रा हाय स्पीड’ म्हणजे ४८ ला. स्ट्रीमिंग स्टिकसाठी पहिली पुरेशी आहे. प्रमाणित केबलच्या खोक्यावर क्यूआर कोड असलेलं लेबल असतं आणि ते फोनवर तपासून पाहता येतं. सोन्याचा मुलामा गंजापासून वाचवतो, चित्र सुंदर करत नाही. बिट पोचले तर पोचले. महाग केबलमधून आलेला बिट जास्त रंगीत नसतो.

लांबी हवी तेवढीच घ्या. तांब्याच्या साध्या केबलने ४के पाच मीटरच्या पुढे नेणं म्हणजे भरवशाचं काम नाही. त्यापलीकडे ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाने सिग्नल नेणारी, एचडीएमआय केबल बघावी. या केबलीला दिशा असते. एका टोकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेलं असतं आणि उलटी लावली तर ती चालत नाही. भिंतीतून ओढून, प्लास्टर करून झाल्यावर हे कळलं तर हाल, म्हणून आधी जमिनीवर पसरून चालवून बघा.

जे एचडीएमआयचं नाही

गोल चक्र फिरत राहतं, चित्र थांबत थांबत चालतं, सुरुवातीला अंधूक आणि मग स्पष्ट होतं: हे सगळं इंटरनेटचं किंवा वाय-फायचं आहे, केबलचा काही संबंध नाही. एकाच अ‍ॅपमध्ये अडचण आणि बाकीच्यांत नाही, तर ते अ‍ॅप काढून पुन्हा घाला. स्टिक हाताला चटका बसेल इतकी तापली असेल तर ती बाहेर काढून गार होऊ द्या आणि त्या छोट्या तारेने टीव्हीपासून लांब ठेवा.

टीव्ही आणि स्टिक दोन्हींचे सॉफ्टवेअर अपडेट करून घ्या. एचडीएमआयच्या बोलण्यांतल्या चुका कंपन्या अपडेटमधून दुरुस्त करत असतात. फॅक्टरी रीसेट मात्र अगदी शेवटी. सगळे पासवर्ड पुन्हा टाकायला लागतात आणि दोष केबलमध्ये असेल तर ती मेहनत पाण्यात.

हे सगळं करून एकच पोर्ट कुठल्याच उपकरणाला दाद देत नसेल आणि बाकीची व्यवस्थित चालत असतील, तर ते पोर्ट गेलं असं धरून चाला. वीज कडाडल्यावर किंवा सॉकेटात झटका आल्यावर असं होतं. दुसरं पोर्ट मोकळं असेल तर तेच वापरा. दुरुस्तीला माणूस बोलावणार असाल तर ‘टीव्ही चालत नाही’ एवढंच सांगू नका. कोणत्या आकड्याचं पोर्ट, कोणकोणती उपकरणं लावून पाहिली, कोणती केबल दुसरीकडे चालली, १०८०पीवर काय झालं आणि पडद्यावर नेमका कोणता संदेश आला, हे कागदावर लिहून त्याच्या हातात द्या, आणि त्या संदेशाचा फोनवर काढलेला फोटोही जवळ ठेवा.